चरा काढताना रंग किती जातो?

गेल्या अंकात गाडी धुण्याच्या पद्धतीविषयी लिहिताना, 'पत्र्यावरचे बारीक चरे यंत्राने काढता येतात, मात्र ते काम जपून करावे लागते', असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. जपून म्हणजे नेमके कसे, अशी विचारणा करणारी पत्रे त्यानंतर आली आणि ती वाचताना हा शब्द असा मोकळा सोडायला नको होता, हे माझ्या लक्षात आले. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी गाडी काळ्या रंगाची असून पाच वर्षे वापरात आहे. सावलीत ती चांगली दिसते, परंतु उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात. पॉलिशिंगचे यंत्र विकत घेऊन हे काम घरीच करावे असे मनात आहे. यंत्र कोणते घ्यावे आणि रंगाला इजा होऊ न देता काम कसे करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला दिसणारे चरे गोल वाटत असले तरी ते गोल नाहीत. ते सगळ्या दिशांना गेलेले बारीक सरळ ओरखडे आहेत. सूर्याचे प्रतिबिंब जेथे पडते त्याच्या भोवतालचे, प्रकाशाला आडवे येणारे ओरखडे तेवढे चमकतात आणि बाकीचे दिसत नाहीत, म्हणून वर्तुळाचा भास होतो. आपण गाडीपाशी दोन पावले सरकून पाहावे. जाळेही आपल्याबरोबर सरकते. हे आधी सांगण्याचे कारण असे की चरे संपूर्ण बोनेटवर सारखेच पसरलेले असतात, आणि एखादा ठिपका घासून ते जाणार नाहीत.

आता ते घालवायचे म्हणजे काय करायचे, ते नीट समजून घ्यावे. फळीवर पडलेली खाच सुतार रंधा मारून घालवतो तेव्हा तो खाच भरत नाही, तर भोवतालची सगळी फळी खाचेच्या तळापर्यंत खाली उतरवतो. पॉलिशिंगही तसेच आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात: सर्वांत खाली पत्रा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला आपल्याकडचे पेंटर क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. हे सगळे मिळून जाडी भरते ९० ते १४० मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअरचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन, आणि माणसाच्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्यावर रंधा मारणार आहोत, ती फळी केसापेक्षाही पातळ आहे. त्याच थरात सूर्याचे अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की लगेच काही दिसत नाही, परंतु काही उन्हाळ्यांनंतर छपरावर आणि बोनेटवर पांढरट डाग पडून पोपडे सुटू लागतात. त्यावर पुन्हा रंगवण्याखेरीज उपाय नाही.

म्हणून यंत्राच्या आधी, जमल्यास, रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण मिळवावे. विकत घेणे परवडत नसेल तर जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून तासाभरासाठी मागून आणावे. प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी ते टेकवावे आणि आकडे कागदावर लिहून ठेवावेत. आकडा शंभराच्या आसपास आणि सगळीकडे जवळजवळ सारखा असेल तर रंग बहुधा मूळचा आहे. एखाद्या दारावर तो एकदम दोनशेच्या पुढे गेला तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे, आणि कित्येक शेकड्यांत गेला तर खाली पुट्टी आहे. ऐंशीच्या खाली आला तर तेथे कोणीतरी आधीच बरेच घासलेले असण्याची शक्यता आहे. तो भाग सोडून द्यावा. एक मर्यादा मात्र लक्षात असावी. हे साधे उपकरण सर्व थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअरची नव्हे, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही.

बाजारात मुख्यतः दोन जातींची यंत्रे मिळतात. ग्राइंडरसारख्या दिसणाऱ्या रोटरी यंत्राचे पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरते. त्याने काम भराभर होते, परंतु ते एका जागी क्षणभर जास्त रेंगाळले की तेथे उष्णता साठते, आणि हात सरावाचा नसेल तर ते पत्र्यावर पाण्यावरच्या तवंगासारखे सरकणारे पट्टे सोडून जाते. कारागीर त्यांना होलोग्राम म्हणतात. दुसरे यंत्र ड्युअल ॲक्शन, बोलण्यात 'डीए'. याचे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता मध्यापासून थोडे सरकून लहान लहान घेरेही घेते. हात जास्त दाबला गेला किंवा पॅड कडेवर चढले की त्याचे स्वतःभोवती फिरणे थांबते आणि ते नुसते थरथरत राहते. नव्याने शिकणाऱ्या माणसाला हे थांबणेच तारून नेते. आपण पाच इंची तबकडीचे आणि १५ मिलिमीटरच्या आसपास घेर असलेले डीए यंत्र घ्यावे. सक्तीने फिरत राहणारी डीए यंत्रेही मिळतात. ती दाबानेही थांबत नाहीत, तेव्हा खरेदी करताना हे विचारून घ्यावे.

रोटरी यंत्राविषयीची ही सावधगिरी मला अनुभवाने शिकवली आहे. हे काम शिकत असताना मी माझ्याच लाल गाडीच्या मागच्या दारावर रोटरीने लोकरीचे बफ फिरवत होतो. दाराच्या मधून जी आडवी घडी जाते, तिच्यावरून बफ जात असताना पांढऱ्या लोकरीवर गुलाबी छटा आली. ती कंपाउंडची, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणाऱ्या लेपाची, असेल अशी मी समजूत करून घेतली. यंत्र उचलून पाहिले तेव्हा घडीच्या कडेवर बोटभर लांबीचा पट्टा बाजूच्या रंगापेक्षा फिका पडला होता आणि त्याची चमक गेली होती. क्लिअर संपून खालचा रंग निघू लागला होता. या सगळ्याला दहा सेकंदही लागले नसतील. ओला रंग सुकताना कडेपासून मागे ओढला जातो, त्यामुळे पत्र्याच्या कडा आणि घड्या यांवर थर मुळातच पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब नेमका त्याच रेघेवर येतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ते दार पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक घडीवर आणि कडेवर मास्किंग टेप लावल्याशिवाय यंत्राचे बटण दाबत नाही.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी गाडी स्वच्छ धुवावी आणि कोरडी झाल्यावर बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून हात बोनेटवरून अलगद फिरवावा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत वाटत होते, ते पिशवीतून बारीक वाळू पसरल्यासारखे लागते. ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे कण, बांधकामाची भुकटी असे बरेच काही रंगात रुतून बसलेले असते. लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा मिळतो. तो मारल्यावर जांभळे ओघळ येतात, ते घाबरण्यासारखे नाही. उरलेले कण क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, भरपूर साबणपाणी किंवा त्यासाठीचे वंगण वापरून, उचलून घ्यावेत. हे कण तसेच ठेवून पॉलिश केले तर तेच पॅडखाली सापडून नवे चरे पाडतात.

गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. मे महिन्यातल्या पुण्याच्या दुपारी काळ्या बोनेटवर कंपाउंड टाकले तर ते घासण्याआधीच वाळून चिकटेल, म्हणून पहाटे लवकर सुरुवात करणे चांगले. काळे प्लॅस्टिक, रबराच्या पट्ट्या, नावाची अक्षरे आणि सर्व कडा टेपने झाकाव्यात. त्यानंतर बोनेटच्या मधोमध दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा एक चौकोन टेपनेच आखावा. आपल्या गाडीला काय लागते, हे हा चौकोन सांगेल. कंपन्या वापरतात ते क्लिअर कमी-अधिक कठीण असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर जे चालले ते आपल्या गाडीवर चालेलच असे नाही.

या चौकोनावर आधी सर्वांत सौम्य जोडी वापरून पाहावी, म्हणजे मऊ स्पंजचे पॅड आणि बारीक पॉलिश. वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पॅडवर घ्यावेत, यंत्र बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून ते थोडे पसरावेत, मग अगदी कमी गतीवर सगळीकडे लावून घ्यावे आणि नंतर गती चार किंवा पाचवर न्यावी. हात सावकाश चालवावा, सेकंदाला साधारण एक इंच. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एक फेरी आडवी, एक उभी, अशा चार ते सहा फेऱ्या पुरतात. दाब यंत्राच्या वजनापेक्षा किंचितच अधिक असावा. यंत्राच्या तबकडीच्या कडेवर आधीच जाड मार्करने एक काळी रेघ मारून ठेवावी. काम चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती एका जागी उभी राहून थरथरत असेल तर दाब जास्त होतो आहे किंवा पॅड तिरके धरले गेले आहे.

मग पॉलिश स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसावे आणि त्या जागी पाण्यात पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुन्हा पुसावे. पॉलिशमधले तेल चऱ्यांत बसून ते झाकते. अल्कोहोलने ते निघाले की खरी स्थिती समोर येते. नंतर विजेरीच्या उजेडात पाहावे. बहुतेक चरे गेले असतील तर हीच जोडी सगळ्या गाडीला वापरावी. गेले नसतील तर आधी पॅड थोडे कडक घ्यावे, आणि तेही पुरले नाही तरच कंपाउंड घ्यावे. कंपाउंड वापरलेच तर शेवटी पुन्हा मऊ पॅडने एक हात द्यावा, नाहीतर काळ्या रंगावर धुरकट झाक राहते.

कुठे थांबायचे, हे आपण कामाला लागण्याआधीच ठरवून ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दर दहा चऱ्यांतले सात-आठ गेले की उरलेल्या दोन-तीन खोल चऱ्यांच्या मागे लागू नये. रोजच्या वापरातली गाडी पुढच्या पाच वर्षांत आणखी चरे घेणारच आहे, आणि त्या वेळी पुन्हा एकदा पॉलिश करण्याएवढा थर शिल्लक असणे, हे आजच्या आरशासारख्या चमकेपेक्षा मोलाचे आहे.

काही लहान गोष्टी. एकेका पत्र्यानंतर पॅड ब्रशने झाडून घ्यावे. जमिनीवर पडलेले पॅड धुतल्याशिवाय वापरू नये. यंत्राची वायर खांद्यावरून मागे टाकावी, म्हणजे ती पत्र्यावर घासत नाही. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क लावावा, आणि ओल्या फरशीवर जोडणीची वायर पसरू नये.

प्रश्न : रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माझ्या मरून रंगाच्या गाडीच्या दारावर कोणीतरी किल्लीने लांब रेघ ओढली आहे. रेघ पांढरट दिसते. एका गॅरेजमध्ये 'रबिंग करून शंभर टक्के घालवून देतो' असे सांगितले. ते खरे मानावे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रेघेवरून नख आडवे ओढून पाहावे. नख अडकले तर ती रेघ पॉलिशने घालवण्याच्या पलीकडची आहे, असे धरून चालावे. दुसरी परीक्षा पाण्याची आहे. रेघ ओली केल्यावर ती दिसेनाशी झाली तर ती क्लिअरपुरती आहे. ओली असतानाही पांढरी किंवा करडी दिसली तर ती रंग ओलांडून प्रायमरपर्यंत गेली आहे, आणि धातूची चकाकी दिसली तर पत्र्यापर्यंत. आपल्या वर्णनावरून ती प्रायमरपर्यंत पोचलेली असावी. प्रायमरपर्यंतची रेघ घासून सपाट करायची तर भोवतालचे सगळे क्लिअर आणि सगळा मरून रंग काढावा लागेल. म्हणून शंभर टक्क्यांचे आश्वासन आपण स्वीकारू नये.

येथे करण्यासारखी गोष्ट टचअपची आहे. गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली एका पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो. त्याच क्रमांकाचा टचअप रंग घ्यावा. रेघ अल्कोहोलने पुसून कोरडी करावी आणि अगदी बारीक कुंचल्याने किंवा दात कोरण्याच्या काडीच्या टोकाने रंग फक्त रेघेच्या आत भरावा. एकदम भरू नये. पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, पुन्हा द्यावा. वाळल्यावर तो खाली बसतो, म्हणून तीन-चार वेळा करावे लागते. वर क्लिअरचाही थेंब याच रीतीने द्यावा. रेघ नाहीशी होणार नाही, परंतु चार फुटांवरून ती डोळ्यांत भरणार नाही. तिच्या कडा मऊ पॅडने किंचित घोटल्या तर त्यांची पांढरी चमक कमी होते, आणि तेवढ्यापुरतेच पॉलिशचे काम येथे आहे.

पत्रा उघडा पडला असेल तर मात्र दिवस घालवू नयेत. कोल्हापूरच्या पावसात उघड्या पत्र्यावर गंज धरायला वेळ लागत नाही, आणि एकदा का गंज रंगाखाली शिरला की रेघेच्या दोन्ही बाजूंना फुगे येतात.

दार पूर्ण रंगवून घेण्याचा आणि त्यासाठी विम्याचा दावा करण्याचा विचार असेल तर आधी एक हिशेब करावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. तिचे संरक्षण वेगळे विकत घेतलेले नसेल तर एका दाव्याने ती जाते. पुढच्या हप्त्यात जाणारी रक्कम आणि रंगकामाचा खर्च शेजारी शेजारी मांडून मगच ठरवावे.

प्रश्न : प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी यादीत 'रबिंग-पॉलिशिंग' असतेच. गाडी घेऊन येताना सुरेख चमकते, पण पंधरा-वीस दिवसांनी चरे जसेच्या तसे दिसतात. असे का होते? – एक वाचक, ठाणे

उत्तर : चरे परत आलेले नसतात, ते गेलेलेच नव्हते. घाईने केलेल्या कामात जड कंपाउंड आणि तेलकट पॉलिश वापरले जाते. तेल चऱ्यांत भरून राहते, दोन-तीन धुण्यांत ते निघून जाते आणि चरे पुन्हा उघडे पडतात. याहून गंभीर गोष्ट अशी की चरे राहिले तरी थर मात्र गेलेला असतो. एका रबिंगमध्ये तीन ते पाच मायक्रॉन जातात असे धरले आणि ते वर्षातून दोनदा केले, तर पाच वर्षांत तीस ते पन्नास मायक्रॉन होतात. वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. क्लिअरचा संपूर्ण थर तेवढाच असतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधीच तो निकामी होतो.

मला हे मनापासून टोचते, कारण मालक पैसे देऊन आपल्या गाडीचे आयुष्य कमी करून घेत असतो आणि त्याला तसे कोणी सांगत नाही. 'रबिंग' हा शब्द ज्या काळातला आहे त्या काळात गाड्यांना क्लिअर नसायचे, रंग स्वतःच जाड असायचा, तो उन्हाने भुकटीसारखा व्हायचा आणि वरचा मेलेला थर घासून काढणे आवश्यक असायचे. साधारण १९८०च्या दशकापासून जगभर रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत रुळत गेली. रंग बदलला, पण सवय तशीच राहिली.

पुढच्या वेळी जॉब कार्डवर सही करण्याआधी 'रबिंग करू नये' असे स्वतःच्या हाताने लिहावे. चमक हवी असेल तर न घासणारे वॅक्स किंवा सीलंट लावून घ्यावे. पॉलिशिंगची खरोखर गरज आहे असे वाटले, तर काम करणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: यंत्र रोटरी की डीए, जाडी मोजून आकडे लिहून देणार का, आणि काम झाल्यावर अल्कोहोलने पुसून उन्हात दाखवणार का. जो कारागीर हे आनंदाने करतो त्याच्या हातात गाडी द्यावी. असे कारागीर आहेत, आणि त्यांच्या कामाचे मोल जास्त असते, तेही योग्यच आहे.

सिरॅमिक कोटिंगबद्दलही आपण ओझरते विचारले आहे. तो साधारण एक-दोन मायक्रॉनचा थर असतो. पाणी न थांबणे, मळ सहज निघणे, यासाठी तो चांगला आहे. खडे उडून लागणे किंवा किल्लीची रेघ तो अडवत नाही. त्यासाठी चिकटवण्याची पारदर्शक फिल्म असते, ती सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. दोन्हींच्या किमतींत मोठा फरक आहे, आणि कामांतही.

प्रश्न : टूथपेस्टने चरे जातात का? – एक वाचक, अकोला

उत्तर : टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यामुळे एखादा अगदी वरवरचा ओरखडा तिने पुसट होतो. परंतु ते कण दातांसाठी ठरवलेले आहेत, रंगासाठी नव्हेत. घासलेली जागा निस्तेज होते आणि चऱ्याऐवजी डाग दिसू लागतो. पॉलिशची लहान बाटली फार महाग नसते. हाताने, स्पंजच्या तुकड्यावर घेऊन, तेच वापरावे.

प्रश्न : वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आम्ही जपून ठेवली आहे. रंग निळा असून पार फिका पडला आहे. थोडे पॉलिश लावून पाहिले तर कापड निळे झाले, म्हणून घाबरून थांबलो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण थांबलात हे उत्तम केले, पण घाबरण्याचे कारण नाही. माझ्या लाल गाडीच्या बाबतीत बफावर आलेला रंग हा धोक्याचा इशारा होता, कारण तिच्या रंगावर क्लिअर होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या त्या काळातल्या पद्मिनीला एकेरी रंग असायचा. वर पारदर्शक थर नसल्यामुळे कापडावर रंग येणारच. जो फिका, खडूसारखा थर दिसतो तो उन्हाने मेलेला रंग आहे आणि त्याच्याखाली वडिलांच्या वेळचा निळा अजून असण्याची शक्यता आहे. कोठे रंग टिकून आहे ते पाहायचे असेल तर डिकी उघडून झाकणाच्या आतल्या कडेला पाहावे. तेथे ऊन पोचलेले नसते.

या गाडीला यंत्र लावण्याची घाई करू नये. एवढ्या वर्षांत ती एकदा तरी रंगवली गेली असेल, कोठे पुट्टी असेल, कोठे रंग पार झिजला असेल, आणि हे दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलत असेल. शिवाय तिच्या मडगार्डांना आणि बोनेटला जी गोलाई आहे, तिच्या उंच भागावर यंत्राचे पॅड सगळा भार टाकते. आधी तेलाचा अंश भरपूर असलेले, न घासणारे ग्लेझ मऊ कापडाने सगळीकडे जाड लावून रात्रभर तसेच ठेवावे. कोरडा पडलेला रंग ते शोषून घेतो आणि पुष्कळदा सकाळी पुसल्यावर रंग बराच गडद झालेला दिसतो. त्यानंतर बारीक पॉलिश हातानेच, एका वेळी वीतभर जागेत, सरळ रेषेत चोळावे आणि कापडाची स्वच्छ बाजू सतत पुढे घेत राहावे. कापडावर निळा येत राहील. पण पत्र्यावर करडी किंवा तांबूस झाक डोकावली की तो प्रायमर आहे, त्या क्षणी तेथे थांबावे. शेवटी वॅक्स लावावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी लावत राहावे, कारण या रंगाला ऊन अडवणारे दुसरे काही नाही.

एखाद्या जागी प्रायमर दिसतच असेल तर ती जागा तशीच असू द्यावी, असे मी सुचवेन. वडिलांनी रोज हात ठेवलेल्या जागी रंग झिजला असेल, तर तो पुन्हा लावून घेण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारे काका येतात. एक बादली, एक फडके आणि पंधरा-वीस गाड्या. आपण म्हणता ते जाळे त्यामुळेच होते का? त्यांना बंद करावे का? – एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : हो, जाळे बहुतांश त्यामुळेच होते, आणि नाही, त्यांना बंद करू नये. दोष त्या काकांचा नाही. एका बादलीत वीस गाड्या पुसायला लावणारी व्यवस्था आपणच केलेली आहे. रात्रभरात गाडीवर बसलेल्या धुळीत बारीक वाळू असते. फडके तिला पत्र्यावरून ओढत नेते, मग बादलीत उतरवते, आणि चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत त्या पाण्यात आधीच्या सगळ्या गाड्यांची वाळू जमलेली असते. कोरड्या पिसाऱ्याने झटकणे तर याहून वाईट.

काकांशी बसून बोलावे. पगार तोच ठेवून रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवायला सांगावे. बहुतेकांना ते सोयीचेच वाटते. रोज फक्त काचा आणि आरसे पुसले तरी पुरे. आपल्या गाडीसाठी दोन बादल्या द्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. आधी गाडीवर नुसते पाणी मारून सुटी धूळ खाली जाऊ द्यावी. मग शाम्पूत बुडवलेला मायक्रोफायबरचा मोजा वरून खाली फिरवावा, आणि पुन्हा शाम्पूत घालण्याआधी तो प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून काढावा. चाकांचे आणि दाराखालच्या पट्टीचे कापड वेगळे असावे, कारण खरी वाळू तेथे असते. आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांत बोअरचे जड पाणी असते. ते पत्र्यावर सुकू दिले तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि उन्हात ते क्लिअरमध्ये खोल बसतात. म्हणून गाडी धुतल्या धुतल्या मोठ्या मऊ कापडाने टिपून घ्यावी, घासून नव्हे. ताजे ठिपके पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. लगेच भरपूर पाण्याने ती जागा धुवावी.

ही कापडे आपण आपल्या घरी, बाकीच्या कपड्यांपासून वेगळी धुवावीत, त्यांत कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये, आणि खाली पडलेले कापड, ते कितीही स्वच्छ दिसत असले तरी, धुतल्याशिवाय पुन्हा पत्र्याला लावू नये, हे काकांना एकदा हातात कापड घेऊन दाखवावे.